दाढीची तयारी

हिरामणने दाढीचं सामान खिडकीत मांडायला घेतलं आणि शेजारच्या खोलीतून पुंजा हवालदार खोकले. हा खोकला आजाराचा नव्हता. माणूस आत येतोय, तेव्हा घरातल्यांनी सरळ उभं राहावं, एवढ्यासाठी तो होता. देवळाली कॅम्पातल्या तोफखान्यातून रिटायर होऊन पुंजाकाका नाशिकच्या सिडकोतल्या या खोल्यांत राहायला आले त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, पण खोकला अजून ड्यूटीवरच होता.

"ब्लेड खाली ठेव," ते दारातून म्हणाले.

"काका, अजून हातात घेतलंच नाही."

"मग घेऊच नको. पहिले तयारी."

हिरामणने ब्लेडचं पाकीट गुपचूप खिडकीत ठेवलं. एरवी त्याने काकांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण आज त्याला काकांचीच गरज होती. आज घोटीच्या पुढच्या एका गावात त्याला मुलगी बघायला जायचं होतं, आणि त्याची दाढी म्हणजे त्याची वैरीण होती.

अंबडच्या एका कारखान्यात तो फिटर होता. लोखंडाला त्याच्या हातून कधी ओरखडा पडला नाही. पण तोच हात स्वतःच्या गालावर आला की परक्यासारखा वागायचा. दाढीही तसलीच. एका गालावर खाली वाढायची, दुसऱ्यावर वर, आणि हनुवटीखाली सरळ भोवरा. घाईत कोरड्यावर पातं फिरवायचं, कापून घ्यायचं, वर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवायचा, हा त्याचा जन्माचा रिवाज.

मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणजे मुलीला बाजारातल्या गाईसारखं चालवून बघायचं, अक्षर काढून दाखवायला लावायचं, आणि मुलाने नुसते पोहे खाऊन ढेकर देत घरी यायचं. असं ज्यांनी ठरवलं त्यांनी हिरामणचे गाल बघितले नव्हते. चांदवडला गेला तेव्हा त्याच्या तोंडावर कागदाचे एवढे तुकडे होते की मुलीच्या आजीने विचारलं, पोराला नुकत्याच कांजिण्या झाल्या का. पुढच्या ठिकाणी हनुवटीतलं रक्त टपकन पोह्यांत पडलं. तिकडून निरोप आला, "मुलगा कमावता आहे, पण मारामाऱ्या करतो असं दिसतं." हिरामणने आयुष्यात माशीसुद्धा मारली नव्हती. मारायला गेला असता तर हात कापून घेतला असता.

आजची गोष्ट मात्र वेगळी होती. आजची मुलगी, संध्या, त्याने आधीच बघितली होती. घोटीत एका लग्नात एक वाढपी लहान पोरांची पंगत सोडून पुढे चालला होता. तेव्हा एका मुलीने त्याच्या हातातली बादली धरून ठेवली आणि म्हणाली, "यांचं पोट भाड्याचं आहे का? आधी इथं वाढा." वाढप्याने निमूट वाढलं. हिरामण तेव्हा समोरच्या पंगतीत होता. त्या दिवशी त्याने जिलेबी किती खाल्ली हे त्याला अजून आठवत नाही. चौकशी केली, मध्ये माणसं घातली, आणि कसंबसं आजचं बोलावणं आलं. बाबांनी बजावलं होतं, हे शेवटचं. हे मोडलं तर धाकट्याचं आधी उरकून टाकू, मग तू बस कागद चिकटवत.

"दाढी पातं करत नाही," पुंजाकाका स्टूल खिडकीकडे सरकवत म्हणाले. "पाणी करतं. केस म्हणजे तार. सुकी तार कापली तर तुटते, आणि जाता जाता कातडी घेऊन जाते. तीच तार भिजव, शेक, फेस चोळ, मग बघ. मक्खन. आमच्या तोफांच्या बॅटरीत साहेब आधी गालावरून उलटा हात फिरवायचे, मग सॅल्यूट घ्यायचे. पंचा आणला का सांगितला तसा?"

हिरामणने पिशवीतून पंचा काढला. नवा, जाडजूड, लालभडक. काल कारखान्यातून सुटल्यावर भद्रकालीच्या बाजारात जाऊन त्याने तो आणला होता. रंग जाईल का, असं त्याने विचारलंही होतं. दुकानदाराने आईची शपथ घेतली. कापड विकणारा आईवर आला की गिऱ्हाइकाने दुसरं दुकान बघावं, पण हिरामणला आईची शपथ खोटी असते हे माहीत नव्हतं.

"लाल कशाला आणला?" काका म्हणाले.

"जाड तेवढाच होता."

"चालेल. जाड पाहिजे."

पहाटेच भारनियमनात वीज गेली होती. खोलीत अंधार, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. पाणी पुंजाकाकांच्या घरी लंकाबाईंच्या स्टोव्हवर उकळत होतं. लंकाबाईंनी पातेलं आणून ठेवलं, नवऱ्याकडे बघितलं, हिरामणकडे बघितलं, आणि परत गेल्या. काकांनी खिशातून तुरटीचा खडा काढून पातेल्यात टाकला.

"हे कशाला?" हिरामण म्हणाला.

"कातडी आवळते. कातडी आवळली की केस खडा राहतो. खडा राहिला की कापायला सोपा."

"पण तुम्ही तर केस नरम करायचा म्हणालात."

"नरम आणि खडा. दोन्ही." काकांनी पंचा उकळत्या पाण्यात बुडवला. "तू फौजेत नव्हतास म्हणून तुला कळत नाही."

आधी नुसत्या कोमट पाण्याने दाढी भिजवली. मग साबणाची वाटी. ब्रश गोल गोल, केसांच्या उलट, मग सुलट. हिरामणला फेसाने शिंक आली, ती दाबायची परवानगी मिळाली, द्यायची नाही. तो फेस धुतला. मग चिमट्याने पंचा काढून, पिळून, काकांनी तो त्याच्या तोंडाभोवती गुंडाळला. डोळे आणि नाक तेवढं मोकळं. दोन्ही टोकं मानेमागे मुठीत धरून काका तोफेमागे उभे राहावेत तसे उभे राहिले.

"पोळतंय," हिरामण आतून म्हणाला.

"पोळलंच पाहिजे."

नेमके तेव्हा हिरामणचे वडील नाथा दारात आले. पेठकडच्या पहिल्या गाडीने ते निघाले होते. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, अंगात नवा सदरा. समोर बघतात तर पोरगा स्टुलावर, तोंड लाल फडक्यात आवळलेलं, आणि पाठीशी एक माणूस फडक्याची टोकं ओढून उभा.

"सोडा त्याला," नाथा म्हणाले. "काय केलंय त्यानं?"

"दाढी चाललीय, नाथाभाऊ."

"ही दाढी हाय?"

"तयारी."

नाथा पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसले. त्यांच्या गावात दाढी म्हणजे न्हावी झाडाखाली बसवायचा, पाण्याचे दोन हबके मारायचा आणि तुम्ही ओरडायच्या आत मोकळं करायचा. शहरातली माणसं पोळून मग कापतात हे त्यांना आज कळलं. पंचा गार झाला की काका तो पुन्हा पातेल्यात बुडवत, पुन्हा आवळत. शेवटी नाथांनी विचारलं, "गाडीला उशीर नाय ना व्हणार?" तेव्हा काकांनी पंचा सोडला, पाठीमागून पुढे आले, अंधारातच गालावरून उलटा हात फिरवला आणि समाधानाने म्हणाले, "मक्खन. आता घे ब्लेड."

"पोरा," नाथा म्हणाले, "जरा उजेडात ये."

हिरामण दारात गेला. नाथांनी टोपी काढली आणि परत घातली.

"तोंडाला काय फासलंस?"

आरसा दारात आणला. डोळ्यांखालून गळ्यापर्यंत हिरामणचा चेहरा गुलाबी झाला होता. गुलाबी म्हणजे लाजल्यासारखा नव्हे. होळीच्या नंतर रहाडीतून, म्हणजे रंगाच्या हौदातून, बाहेर निघालेला नाशिककर दिसतो तसा. दाढीचा एकेक खुंट रंग पिऊन तर्र झालेला. कपाळ तेवढं आपल्या जुन्या सावळ्या रंगात वर राहिलं होतं, जणू खालच्या तोंडाशी त्याचा काही संबंध नाही.

लंकाबाई आल्या. त्यांनी पातेल्यातलं गुलाबी पाणी बघितलं, तळाचा खडा बघितला.

"तुरटी टाकली यांनी?"

"टाकली," काका म्हणाले.

"माझ्या माहेरी सूत रंगवायचे. रंग बसावा म्हणून तुरटीच घालायचे. बसला की आयुष्यभर हलायचा नाय."

"मग आधी सांगायचं."

"मला विचारलं का? मला नुसतं उकळायला सांगितलं. मला वाटलं अंडी असतील."

त्यानंतर जे झालं त्याला दाढीची तयारी म्हणता येणार नाही. लिंबू चोळलं, दही चोळलं. नाथांनी रॉकेल सुचवलं आणि घाबरलेल्या हिरामणने तेही चोळून घेतलं. रंग होता तिथेच राहिला, उलट लिंबाने जरा खुलला. हिरामणने ब्लेड उचललं, निदान खुंट तरी जातील म्हणून. काकांनी त्याचा हात धरला.

"चोळून चोळून कातडी सोललीय. आता पातं लावलं तर रक्ताची धार लागेल. गुलाबी तोंडावर लाल धार. जमेल?"

हिरामणच्या डोळ्यांपुढे चांदवडची आजी उभी राहिली. त्याने ब्लेड ठेवून दिलं. "नाही जात मी, बाबा. निरोप धाडा, ताप आलाय."

"निरोप धाडला तर ते म्हणतील, पोराला फेफरं येतं," नाथा म्हणाले. "कपाळ चांगलं हाय तुझं. कपाळ दाखव अन् रुमाल बांध. दाढ दुखते म्हनू." आणि पिळलेला पंचा घडी करून त्यांनी पिशवीत टाकला. नवं कापड टाकून जायचं त्यांच्या जिवावर आलं.

घोटीच्या जीपमध्ये हिरामण तोंडाला रुमाल बांधून दोन माणसांच्या मध्ये दबून बसला. त्याच्या अंगाला येणाऱ्या रॉकेलच्या वासामुळे शेजाऱ्याने काढलेली बिडी परत कानावर ठेवली. "दाढ?" त्याने विचारलं. हिरामणने मान हलवली. मग घोटी येईपर्यंत सगळी जीप त्याला दाढेवरचे उपाय सांगत होती, आणि त्या प्रत्येक उपायात तुरटी होती.

त्याला संध्याचा चेहरा आठवायचा होता, पण आठवत होता तो वाढप्याचा. बादली धरली गेल्यावर वाढप्याचं जे तोंड झालं होतं ते. आज तसं आपलं होणार. ती विचारणार, हे काय. आणि आपण खरं सांगणार. आणि खरं कोणी ऐकून घेत नाही, कारण ते खोट्यापेक्षा मूर्खपणाचं आहे.

घोटीहून रिक्षाने ते गावात उतरले आणि हिरामणला आपल्या नशिबावर विश्वास बसेना. सगळं गाव गुलाबी होतं. रस्ता गुलाबी, बैलांची शिंगं गुलाबी, देवळाची पायरी गुलाबी. झोडपणीचं भात खळ्यावर तसंच टाकून माणसं पारावर बसली होती, आणि एकूणएक माणसाच्या तोंडावर, केसांत, कानांत गुलाल. फटाक्यांच्या कागदाचा सडा पडलेला.

"ग्रामपंचायतीचा निकाल हाय वाटतं कालचा," नाथा म्हणाले.

सकाळपासून पहिल्यांदा हिरामणने पोटभर श्वास घेतला. या गावात गुलाबी तोंड म्हणजे साधं तोंड. त्याने रुमाल सोडला आणि खिशात घातला. लगेच पारावरचा एक गडी उठून आला आणि त्याच्या गळ्यात पडला.

"या पाव्हणं. तुम्ही तर आमच्याच रंगाचे दिसता." त्याने मुठीतला गुलाल हिरामणच्या कपाळाला फासला. कपाळ आणि गाल एकदाचे एक झाले. "कुणाकडं जायचं?"

"गोटीराम आण्णांकडं," नाथा म्हणाले.

गड्याने मागे वळून पारावरच्यांकडे बघितलं. तिकडे खसखस पिकली. "जा की. सरळ जा, डाव्या हाताला. असल्या तोंडानं गेलात तर लय आनंद व्हईल त्यांना."

"चांगली माणसं हायेत," नाथा पुढे चालताना म्हणाले.

डाव्या हाताचं घर लांबूनच ओळखू आलं. त्या घरासमोर गुलालाचा कण नव्हता. अंगण नुकतंच घासून सारवलं होतं. ओट्यावर संध्याचा बाप गोटीराम पांढऱ्या कपड्यांत बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटत होतं की आत कोणीतरी गेलंय. काल त्याचं पॅनल पडलं होतं, तो स्वतःही पडला होता. रात्री मिरवणूक मुद्दाम याच ओट्यापुढे थांबून नाचली होती. बायको नवसाबाईने हट्ट धरला नसता तर आजचा कार्यक्रम त्याने मोडलाच असता. आणि आता अंगणात पाहुणा आला होता, कपाळापासून गळ्यापर्यंत गुलालाने माखलेला.

हिरामणला सगळं एका क्षणात कळलं. पाय मागे घ्यायचे होते, पण नाथांनी तोवर "रामराम" घालून टाकला होता.

"कुणी धाडलं तुम्हाला?" गोटीराम म्हणाला.

"धाडलं म्हंजे? आपलं ठरल्यालं हाय. पोरगी बघायला आलो."

"पोरगी बघायला का मला बघायला?" गोटीराम उठून उभा राहिला. "रातच्याला दारात नाचले, तेवढ्यानं भागलं नाय का? आता घरात गुलाल धाडला? सांगा तुमच्या पुढाऱ्याला, गोटीराम पडलाय, मेला नाय."

"आण्णा, हा गुलाल नाही," हिरामण म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण बराच वरच्या पट्टीतला.

"मग काय हाय?"

"मी दाढी भिजवत होतो."

"गुलालात?"

"पंच्यात. म्हणजे पाण्यात. पाण्यात पंचा होता."

"दाढी भिजवली, तर मग खुंट कसे हायेत अजून?"

याला हिरामणकडे उत्तर होतं, पण ते पुंजाकाकांशिवाय कोणाला पटलं नसतं. नाथांनी पिशवीत हात घालून पंचा काढला आणि पुरावा म्हणून वर धरला. तो वाऱ्यावर फडकला. लाल, नवा, मिरवणुकीतल्या झेंड्यासारखा. गोटीरामच्या कपाळाची शीर उठली.

"झेंडा बी आणलाय," तो म्हणाला. "निघा. पाणी पिऊ नका अन् मागं वळून बघू नका."

"थांबा आण्णा."

दारात संध्या उभी होती. हातात पोह्यांचा ट्रे. तिने तो खाली ठेवला, हिरामणच्या जवळ आली आणि त्याचं तोंड गिऱ्हाइकाने वांगं बघावं तसं बघितलं. हिरामणने डोळे मिटून घेतले. असं होईल असं त्याने महिनाभर स्वप्नात बघितलं होतं, फक्त स्वप्नात त्याला रॉकेलचा वास येत नव्हता.

"गुलाल पाण्यानं जातो," ती म्हणाली. "गेला तर हाकलून द्या. नाही गेला तर माणूस खरं बोलतोय. आई, तांब्या दे."

"कार्यक्रमात पोरीनं पाहुण्याचं तोंड धुवायचं?" नवसाबाई म्हणाल्या.

"मी वाचून दाखवायचं, चालून दाखवायचं. मग त्यांनी धुऊन दाखवलं तर काय बिघडलं?"

हिरामण अंगणाच्या कडेला दगडावर बसला. पहिल्या तांब्याला पाणी भडक गुलाबी होऊन खाली आलं. पारावरच्या गड्याने फासलेलं कपाळ धुऊन निघत होतं. गोटीराम "बघ" एवढंच म्हणाला. हिरामणच्या मनात आलं, आता संपलं. चांगल्या घरच्या मुलीने आपलं तोंड धुतलं आणि आपण खोटे ठरलो, हे घेऊन आता जन्म काढायचा. संध्याने पुन्हा पाणी ओतलं. मग कपड्याचा साबण घेऊन त्याच्या हातात दिला. त्याने चोळला, फेस केला, गोल गोल, उलट आणि मग सुलट, काकांनी शिकवलं तसं, कारण आता हातांना दुसरं काही येतच नव्हतं. तिने पाणी ओतलं. ते स्वच्छ खाली आलं. पुन्हा ओतलं. स्वच्छ. कपाळ सावळं निघालं होतं, आणि खालचं तोंड साबणाने धुतल्यामुळे आणखी टवटवीत गुलाबी दिसत होतं.

"नाही जात," ती म्हणाली. "पक्का रंग आहे."

दुकानदाराच्या आईची शपथ खरी ठरली होती.

"माणूस खरा हाय," नवसाबाई म्हणाल्या. "येडा हाय, पण खरा हाय."

गोटीराम खाली बसला. रागही काढता येईना आणि माफीही मागता येईना, अशा वेळी पुरुषमाणूस जे करतो ते त्याने केलं. "बसा ओट्यावर," तो खेकसला. "उन्हात तोंड वाळवा."

हिरामणला ओट्यावरच्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. आणि इथून पुढचं त्याच्या हातात राहिलं नाही. रस्त्याने एक बाई डोक्यावर पेंढा घेऊन चालली होती. पडलेल्या गोटीरामच्या ओट्यावर गुलालाने रंगलेला माणूस खुर्ची टाकून बसलाय हे तिने बघितलं, आणि ती चालता चालता थांबली. मग भरभर चालायला लागली. थोड्या वेळाने अंगणात सोमा आला.

सोमा म्हणजे गोटीरामचा उजवा हात. निवडणुकीत महिनाभर त्याने या घरी कोंबडी खाल्ली होती. काल निकाल लागल्यापासून तो दिसला नव्हता. तोंड त्याने घासून धुतलं होतं, पण कानांच्या मागे गुलाल राहिला होता.

"आण्णा," तो म्हणाला, "फेरमोजणी झाली म्हणं?"

गोटीराम काहीच बोलला नाही. आपल्या देशात पुढारी गप्प राहिला की लोक हो समजतात. सोमाने हिरामणच्या तोंडाकडे बघितलं, हात जोडले आणि तसाच उलट्या पावली पळाला. हिरामण खुर्चीतून अर्धा उठला.

"आण्णा, मी आत जाऊन बसतो. लोकांचा गैरसमज होतोय."

"हलू नका," गोटीराम म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं होतं. "बसा तसंच. जरा तोंड उजेडात धरा."

मग माणसं यायला लागली. काल रात्री याच ओट्यापुढे नाचलेली. कोणी म्हणे, मी तिकडं गेलो होतो पण मन इकडं होतं. कोणी म्हणे, मला जबरदस्तीनं रंगवलं. एकाने हार आणला, त्याची झेंडूची फुलं कालची होती आणि तो काल कोणाच्या गळ्यात होता हे सगळ्यांना माहीत होतं. ताशावाला आला आणि न विचारता वाजवायला लागला. पारावर गळ्यात पडलेला गडीसुद्धा आला आणि हिरामणला म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं का, तुम्ही आमच्याच रंगाचे." हिरामणने हिशोब केला. ही एवढी माणसं खरं कळल्यावर आपल्याला कुठून मारायला सुरुवात करतील? बहुतेक तोंडापासूनच.

गोटीराम प्रत्येकाला बघत होता. एकेकाचं तोंड मनात ठेवत होता. सोमा हार घेऊन पुढे आला आणि त्याच्या गळ्यात घालणार, तेवढ्यात तो उठला. ताशा थांबला.

"काय झालं नाय," गोटीराम म्हणाला. "मोजणी नाय, बिजणी नाय. काल पडलो, आज बी पडल्यालाच हाय. ह्यो गुलाल न्हवं. ह्यो माझा जावई हाय, अन् त्याच्या पंच्याचा रंग गेलाय. एवढंच. या आता. अन् ह्या दारात परत रंग घेऊन येताना आधी कानामागं धूत जा."

माणसं जशी आली तशी गेली, फक्त येताना ती रस्त्याच्या मधून आली होती आणि जाताना कडेने गेली. ताशावाला सगळ्यात शेवटी गेला.

नाथांनी हळूच मुलाच्या कानात विचारलं, "जावई म्हनले का ते?"

"म्हणाले."

"रागात म्हनले."

"पण म्हणाले."

"मला विचारलं का कुणी?" संध्या दारातून म्हणाली.

हिरामण खुर्चीतून उठला. रंगलेल्या तोंडाने, सगळ्यांसमोर, आज लपवायला काही उरलंच नव्हतं म्हणून असेल, त्याने सरळ विचारलं, "मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"तुम्ही दाढी का नाही केलीत?"

"तयारीतच वेळ गेला."

ती हसली नाही. पदराने तोंड पुसायचं निमित्त करून आत गेली, आणि आतून भांडं पडल्याचा आणि मग बराच वेळ हसू दाबल्याचा आवाज आला. नवसाबाई आत जाऊन बाहेर आल्या.

"तिची एक अट हाय. लगीन ठरलं तर हळदीपासून पोराची दाढी न्हावी करील. पोरानं हात लावायचा नाय. अन् रंग उतरल्याबिगर तारीख धरायची नाय."

"कबूल," नाथा म्हणाले. मग थोडं थांबून, "उतरेल ना?"

दिवस मावळता हिरामण सिडकोत परत आला तेव्हा वीज आली होती. पुंजाकाका दारातच उभे होते, त्यांच्यामागे लंकाबाई. काकांनी त्याला बल्बखाली ओढलं, हनुवटी धरून तोंड डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, खुंटांवरून उलटा हात फिरवला.

"काय झालं?"

"जमलं."

"ते नंतर सांग. कुठं कापलं का?"

"नाही."

"रक्त?"

"नाही काका. थेंबसुद्धा नाही."

काका लंकाबाईंकडे वळले. बायको एवढी वर्षं ज्या गोष्टीला हसत आली ती एकदाची सिद्ध झाली की माणसाचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"बघ," ते म्हणाले. "सगळं तयारीवर असतं."